पिऊन गाडी चालवताना पकडलं गेल्यावर: नाक्यापासून कोर्टापर्यंत काय होतं, काय करायचं

माझ्या मावसभावाच्या केसमध्ये पोलीस ठाणं, सरकारी रुग्णालय, कोर्ट आणि आरटीओ, सगळीकडे मी त्याच्याबरोबर होतो. प्रत्येक ठिकाणी आमच्यासारखी गोंधळलेली माणसं भेटली. कुणाला वाटत होतं की सिग्नल तोडल्यासारखंच हे चलन आहे, भरलं की संपलं. कुणी दोन-दोन तारखा चुकवून वॉरंट निघाल्यावर धावत आलं होतं. नीट माहिती दिली तर यातला निम्मा मनस्ताप वाचतो, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. यातून निसटायच्या युक्त्या इथे नाहीत. पिऊन गाडी चालवणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण गुन्हा नोंदला गेलेल्या माणसालाही कायद्याने हक्क दिलेत. ते माहीत नसले की माणूस घाबरून भलतंच करून बसतो आणि एका केसच्या तीन होतात. मी वकील नाही. तुमच्या केसबद्दलचा सल्ला वकिलाकडूनच घ्या. त्याच्याकडे जाताना काय विचारायचं एवढं इथून कळेल.

१. आधी हे समजून घ्या: हे साधं चलन नाही

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८५ इथे लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा झाला. गाडी नीट चालवत होता की वेडीवाकडी, हा प्रश्न त्यात येत नाही. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता का, हे पाहिलं जातं. कलमात 'चालवण्याचा प्रयत्न' हेही शब्द आहेत, त्यामुळे 'गाडी अजून हलली कुठे होती' हे उत्तर पुरत नाही.

शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीत वाढली. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हेल्मेट-सिग्नलचा दंड जागेवर भरून प्रकरण मिटतं, तशी तडजोड या कलमाला नाही. लोकअदालतीत ई-चलनं निकाली निघतात हे ऐकून बरेचजण तिथे जाऊन रांग लावतात. हा गुन्हा तडजोडयोग्य नसल्यामुळे तिथेही मिटत नाही. केस न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच चालते.

आणखी एक, जे घरोघरी माहीत हवं. कलम १८८ प्रमाणे या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. मित्र प्यायलेला आहे हे दिसत असताना आपल्या गाडीची किल्ली त्याच्या हातात देणं अंगाशी येऊ शकतं.

२. नाकाबंदीत: फुंकायला नकार देऊ नका

गणवेशातल्या पोलिसाला संशय आला तर तो श्वासाची चाचणी मागू शकतो. कलम २०३ तसा अधिकार देतं. 'फुंकलंच नाही तर पुरावाच नाही' हा सल्ला पार्ट्यांमध्ये हमखास मिळतो आणि तो घातक आहे. नकार दिला आणि पोलिसाला दारूचा संशय असेल तर विनावॉरंट अटक करता येते. वर कलम २०५ नुसार योग्य कारण नसताना दिलेला नकार कोर्टात तुमच्याच विरुद्ध धरला जाऊ शकतो.

चाचणीच्या वेळी चार गोष्टींकडे लक्ष द्या. मशीनला नवीन नळी लावली आहे ना, ते बघा. आकडा स्वतः वाचा. मशीनमधून निघालेल्या पावतीवरची वेळ आणि नाव बरोबर आहे का पाहून मगच सही करा, आणि शक्य असेल तर फोटो घ्या. नुकतंच माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं औषध घेतलं असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा. तोंडात उरलेलं अल्कोहोल तेवढ्या वेळात ओसरतं, रक्तातलं ओसरत नाही.

रक्तातल्या अल्कोहोलबद्दल लोकांच्या कल्पना फार चुकीच्या आहेत. शरीर ते तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने कमी करतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. रात्री एक वाजता १२० वर असलेला माणूस सकाळी सातच्या आसपास जेमतेम तिसावर येतो. त्यामुळे झोप काढून सकाळी ऑफिसला निघालेली माणसंही या कलमात सापडतात, आणि त्यांना ते मनापासून अन्यायाचं वाटतं. कायदा झोप झाली का विचारत नाही, आकडा विचारतो.

नाक्यावर होणाऱ्या चुकांपैकी दोन तर मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडतात.

पहिली हुज्जत. आवाज चढला, धक्काबुक्की झाली, की भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, म्हणजे सरकारी नोकराला कर्तव्य करू न देण्यासाठी बळाचा वापर. जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'तीनशे त्रेपन्न' असतं, तेच हे. कलम १८५ जामीनपात्र आहे, १३२ अजामीनपात्र. रात्री घरी जाऊ शकणारा माणूस या एका धक्क्यापायी कोठडीत जातो.

दुसरी 'सेटिंग'. नोटा पुढे करणं हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली देणाऱ्याचाही गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत कैद. उलट तुमच्याकडेच कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

गाडीत मागे बसलेल्या न प्यायलेल्या भावाला पटकन चालकाच्या जागेवर बसवणं हाही तसाच प्रकार. कॅमेरे सगळीकडे आहेत, आणि खोटी माहिती देऊन गुन्हेगाराला वाचवल्याबद्दल त्या बिचाऱ्या भावावरही कलम लागतं.

३. पोलीस ठाण्यात: काय मागायचं

अटक झालीच तर अटकेची कारणं सांगणं, जामिनाच्या हक्काची माहिती देणं आणि तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला कळवणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे. २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावंच लागतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही, आणि त्या अपवादातही महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे जामीन हा तुमचा हक्क आहे. अपघात झालेला नसेल तर जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, लिहून घेऊन किंवा नोटीस देऊन सोडलं जातं. त्या नोटिशीत हजर राहायची तारीख असते. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे तिचा फोटो काढून घरातल्या आणखी एकाला पाठवणं. त्या रात्रीचे कागद खिशातून गहाळ होण्याचं प्रमाण फार मोठं आहे.

सही करण्यापूर्वी प्रत्येक कागद वाचा. तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या कागदावर सही करू नका. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे खरं, पण 'कितव्या पेगला उठलो, कुठे बसलो होतो' असल्या गप्पा मारायची गरज नाही. नाव, पत्ता, कागदपत्रं खरी द्या. बाकीचं वकिलासमोर.

४. रुग्णालयात: दोन तासांची अट

कलम १८५ खाली अटक केली तर अटकेपासून २ तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडून द्यावं लागतं. ही तरतूद कलम २०२ मध्ये आहे आणि फार कमी लोकांना ठाऊक आहे. म्हणून अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ दोन्ही लक्षात ठेवा. घरातलं कुणी सोबत असेल तर त्याने लिहून ठेवावी.

रक्त घेताना मी पाहिलं ते सांगतो. परिचारिकेने सवयीने स्पिरिटचा बोळा उचलला आणि डॉक्टरांनी तिला थांबवलं. अल्कोहोल तपासायचं असेल तेव्हा कातडी स्पिरिटने पुसायची नसते, नमुन्यात तेच उतरण्याचा धोका असतो. मग कुपीवर नाव, तारीख, वेळ लिहिली गेली, लाखेचं सील झालं. या बारकाव्यांवर पुढे कोर्टात उलटतपासणी होते, म्हणून डोळे उघडे ठेवा. महिलेचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असतील तर तिथे दुसरी महिला हजर असायलाच हवी. मधुमेह, फिट्स, डोक्याला मार असं काही असेल तर डॉक्टरांना तिथेच सांगा आणि कागदावर नोंद करायला सांगा. साखर एकदम उतरलेला माणूसही अडखळतो, बरळतो.

नमुन्याशी छेडछाड करायचा विचारही मनात आणू नका. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला झालेल्या अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांसह कितीजणांना अटक झाली, ते अवघ्या महाराष्ट्राने पाहिलं.

५. गाडी आणि लायसन्स

चालवण्याच्या अवस्थेत दुसरं कुणी सोबत नसेल तर गाडी पोलीस ताब्यात घेतात. ती परत घ्यायला आरसी, विमा, पीयूसी आणि मालकाचं ओळखपत्र लागतं. गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून जप्त झाली असेल तर कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, सोडवावी लागते. अर्ज लवकर करा. ठाण्याच्या आवारात उन्हापावसात पडून गाडीची पार रया जाते.

लायसन्सचं प्रकरण वेगळं आहे आणि इथेच लोक गाफील राहतात. पोलीस ते जप्त करून आरटीओकडे पाठवतात. त्याची पावती मागून घ्या. कोर्टातली केस एका बाजूला चालू असते आणि आरटीओची कारवाई दुसऱ्या बाजूला. कोर्टात दंड भरला म्हणून लायसन्स आपोआप हातात पडत नाही. आरटीओ तुम्हाला म्हणणं मांडायची संधी देतं, त्या सुनावणीला जा. पहिल्या गुन्ह्याला ३ महिने अपात्रता, दुसऱ्याला लायसन्स थेट रद्द, असं कलम १९ सांगतं. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. अपात्रतेची मुदत संपल्यावर चालकांसाठीचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण केलं की लायसन्स परत मिळतं.

त्या तीन महिन्यांत 'जवळच तर जायचंय' म्हणून स्कूटर काढू नका. अपात्र असताना गाडी चालवली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. डिजिलॉकरमधली प्रत दाखवूनही उपयोग नाही, निलंबनाची नोंद ऑनलाइन दिसते.

६. वकील आणि कागदपत्रं

कोर्टाच्या फाटकाबाहेरच 'ड्रंक ड्राइव्ह का? चला, अर्ध्या तासात मोकळं करतो' म्हणणारे भेटतात. त्यांच्या हातात छापील फॉर्म तयार असतात आणि त्यातला एक गुन्हा कबूल असल्याचा असतो. काहीही न वाचता त्यावर सह्या करणारी माणसं मी पाहिली आहेत. फौजदारी कामं करणारा स्थानिक वकील शोधा, फी आधी ठरवा, वकालतनाम्यावर सही करण्यापूर्वी तो तुम्हाला काय सल्ला देतोय ते ऐका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, ते कोर्टाच्या आवारातच असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

फाइलमध्ये हे ठेवा:

- नोटीस किंवा समन्स, गुन्हा नोंदला असेल तर एफआयआरची प्रत
- श्वासचाचणीची पावती किंवा तिचा फोटो
- लायसन्स जप्तीची पावती, वैद्यकीय तपासणीचा कागद
- आरसी, विमा, पीयूसी
- आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो
- काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी
- जामीनदाराची कागदपत्रं: आधार, रेशनकार्ड आणि ऐपत दाखवणारं काहीतरी, म्हणजे सातबारा उतारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक

जामीनदाराला आदल्या दिवशीच मूळ कागद घेऊन यायला सांगा. झेरॉक्सवर काम होत नाही आणि अर्धा दिवस त्यातच जातो.

७. कोर्टात: 'गुन्हा कबूल आहे का?'

कोर्टाचं काम सुरू व्हायच्या आधी पोहोचा. दालनाबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लागलेला असतो, त्यात तुमचा क्रमांक शोधा. पट्टेवाला नाव पुकारतो तेव्हा तुम्ही चहाला गेलेले नकोत. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं, आणि जामिनावर असताना विनाकारण हजर न राहणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आजारी असाल तर वकिलामार्फत गैरहजेरीच्या माफीचा अर्ज त्याच दिवशी गेला पाहिजे. केसचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक लिहून ठेवा. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते.

न्यायदंडाधिकारी विचारतात, गुन्हा कबूल आहे का. सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात मोठा निर्णय हाच आणि तो लोक दहा सेकंदांत घेतात, कारण शेजारचा म्हणतो, 'हो म्हण आणि मोकळा हो.' मोकळं व्हायला होत नाही. कबुली दिली की तुम्ही दोषी ठरता. त्या दिवशी दंड आणि कदाचित कोर्ट उठेपर्यंतची कैद एवढंच होईल, कदाचित त्याहून जास्त. पण दोषसिद्धीची नोंद राहते आणि पुढच्या वेळी सापडलात तर तो 'दुसरा गुन्हा' ठरतो.

मग कबूल करूच नये का? तसंही नाही. आकडा स्पष्ट आहे, प्रक्रिया नीट पाळली गेली आहे आणि आपण खरंच प्यायलो होतो, तर वर्षानुवर्षं तारखा घालत बसण्यापेक्षा कबुली हा प्रामाणिक मार्ग आहे असं माझं मत आहे. मावसभावाने तेच केलं, पण वकिलाशी बोलून, परिणाम समजून घेऊन. पहिलाच गुन्हा, वय, घरची जबाबदारी हे वकिलाने कोर्टापुढे मांडलं. परिवीक्षा कायदा १९५८ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मागणीही करता येते, ती मान्य करायची की नाही हे कोर्ट ठरवतं. उलट आकडा तिशीच्या अगदी काठावर असेल, पावतीवरची वेळ जुळत नसेल किंवा गाडी तुम्ही चालवतच नव्हतात, तर कबुली देण्यापूर्वी सगळे कागद मागून घ्या आणि वकिलाला वाचू द्या.

निकालानंतर दंडाची पावती आणि निकालाची प्रमाणित प्रत घ्या. नक्कल विभागात अर्ज करायचा, थोडी फी असते. आरटीओत, पासपोर्टला, नोकरीत सगळीकडे हीच प्रत मागतात.

८. अपघात झाला असेल तर

इथे सगळंच बदलतं. आधी जखमीला रुग्णालयात न्या. कलम १३४ प्रमाणे ती चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि पोलिसांना कळवणंही. जमाव अंगावर येईल अशी भीती असेल तर थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा, पण पळून जाऊ नका.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकारपणे गाडी चालवण्याला कलम २८१. निष्काळजीपणाने एखाद्याला गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद. मृत्यू झाला तर कलम १०६, ५ वर्षांपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये हीच मर्यादा २ वर्षं होती. आणि चालकाला परिणामांची जाणीव होती असं दिसलं तर कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, अजामीनपात्र. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ साली पदपथावर झोपलेले ७ मजूर गाडीखाली गेले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये चालकाची सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला काय घडू शकतं हे कळत होतं, असं कोर्ट धरू शकतं.

विम्यावर विसंबू नका. पिऊन चालवल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी फेटाळते. श्वासचाचणी झाली नसली तरी इतर पुराव्यांवरून दावा नाकारता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. समोरच्या कुटुंबाची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. ती रक्कम कंपनीने आधी भरली तरी नंतर तुमच्याकडून वसूल होऊ शकते. घर, शेत, सगळं पणाला लागतं.

चालक अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

९. नोकरी, पासपोर्ट, व्हिसा

सरकारी नोकरीच्या साक्षांकन फॉर्ममध्ये अटक, खटला, शिक्षा यांबद्दल प्रश्न असतात. तिथे खरं लिहा. लहान गुन्हा नियोक्ता कधी कधी बाजूला ठेवतो, लपवलेली माहिती सापडली तर नेमणूकच जाऊ शकते.

अमेरिकेच्या व्हिसा अर्जात कधी अटक झाली होती का, असं विचारतात, आणि पिऊन गाडी चालवल्याच्या अटकेवरून वैद्यकीय तपासणीला पाठवलं जाऊ शकतं. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून हा गुन्हा गंभीर प्रवर्गात टाकला आहे, त्यामुळे मुलाकडे जायचं ठरवलेल्या आईवडिलांनाही आडकाठी येऊ शकते.

पासपोर्टचं सांगायचं तर, फौजदारी खटला प्रलंबित असताना तो नाकारता येतो. पण ज्या कोर्टात केस चालू आहे तिथे परदेशी जाण्याच्या परवानगीचा अर्ज करता येतो आणि तो आदेश जोडला की पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच किती वर्षांसाठी हवा ते वकिलाला लिहायला सांगा.